बाबा म्हणतात पाखरं अजून आहेत

५ मार्च

बाबा,

नमस्कार. कसे आहात ते विचारत नाही. निघताना तुम्हीच बजावलं होतंत, "जायचं तर जा, पण मग लांबून 'कसे आहात, कसे आहात' करत बसू नकोस." म्हणून नाही विचारत. वहिनी हे वाचून दाखवत असेल आणि तुम्ही ऐकतच नसल्यासारखे वल्ह्याला तेल चोळत असाल. चोळा. फक्त स्वयंपाकाचं तेल घेऊ नका, वहिनी मागाहून माझ्यावर चिडते, जसं काही मीच इथून पाठवलं.

फोन करून उपयोग नाही. घरातला एकुलता एक फोन दादाबरोबर कारखान्यात जातो, आणि संध्याकाळी आला की तुम्ही तो कानाला लावत नाही. पत्राचं तसं नाही. ऐकायचं नसलं तरी कानावर पडतंच.

तुम्हांला वाटत असेल, तुमच्या भिंगरीनं हेही काम सोडलं असेल. नाही सोडलं. हॉटेलात टिकलो नाही, ट्रकवर टिकलो नाही, टाइल्सच्या गोदामातून तर जेवणाच्या सुट्टीत बाहेर पडलो तो परत गेलोच नाही. पण इथं अजून आहे. इथं म्हणजे पाण्यात. घरच्या पाण्याला कंटाळून पळाला आणि दुसऱ्यांच्या पाण्यात पडला, हे दादाचं आधीच ऐकवून झालंय, तेव्हा तुम्ही नुसतं हसलात तरी चालेल.

पाखरांसाठी राखलेली जागा आहे ही. आपल्या तळ्यापेक्षा मोठी, पण निम्मी लव्हाळ्यांनी भरलेली. माझं काम लव्हाळी कापायचं, बांध बघायचा, आणि पाण्याच्या तोंडाशी फळ्या आहेत त्या काढायच्या. एकावर एक बसवलेल्या जाड फळ्या. थंडी सरली की एकेक काढायची. एक काढली की पाणी थोडं उतरतं, कडेचा चिखल उघडा पडतो, आणि चिखलात पाखरांचं खाणं असतं. मग थांबायचं. पाणी बसू द्यायचं. मग पुढची. सगळ्या एकदम काढल्या तर पाणी धावत सुटतं आणि मागे नुसती भेगाळलेली जमीन राहते. गेल्या साली पहिल्याच दिवशी मी दोन काढल्या. ट्रॅक्टरवाला लांबून ओरडला, "ए नव्या, पाणी काय तुझ्या बापाचं आहे?" मी म्हटलं, "बापाचं असतं तर एकसुद्धा काढू दिली नसती!" तेव्हापासून आमचं जमतं. वर्ष होऊन गेलं तरी मी अजून नव्याच.

आता पाणी रिकामं आहे. सगळी पाखरं तुमच्याकडे. तिकडून उठली की वाटेत इथं थांबतात, खातात आणि पुढे जातात. इथलं सगळं बघणाऱ्या मॅडमनी ऑफिसच्या भिंतीवर नकाशा लावलाय, त्यात दाखवलं. मी लहान असताना वाटायचं की आपल्या तळ्यावरून उठली की ती आभाळातच राहतात थंडीपर्यंत. तुम्ही कधी सांगितलं नाहीत कुठे जातात ते. मी विचारलं नाही म्हणा.

सकाळी फळीपाशी उभा राहिलो की आपला धक्काच आठवतो. मी आणि दादा एका घोंगडीत, एकमेकांना कोपरं मारत. तुम्ही बोट तोंडात घालून ओलं करायचात आणि हवेत धरायचात. "आज नाही." की आम्ही परत घरी. दुसऱ्या दिवशी पुन्हा, "आज नाही." दादा म्हणायचा बाबांना काही कळत नाही, नुसतं बोट चोखतात. आणि मग एका सकाळी तुम्ही काहीच बोलायचा नाहीत. तेवढ्यावरून कळायचं. सगळं पाणीच उचलल्यासारखं व्हायचं. त्यांच्या पायांवरचे थेंब आमच्या तोंडावर पडायचे. मग तुम्ही गल्लीच्या तोंडाशी जाऊन मोठ्यानं हाक द्यायचात, "उठली हो!" न्हावी त्या दिवशी खुर्ची बाहेर झाडाखाली काढायचा. सायकलवाला पत्र्याचं दार सबंध उघडायचा. आई गोधड्या वाळत टाकायची. तुमची हाक आली नाही तोवर गल्लीत कुणी थंडी संपली असं धरायचंच नाही. कितीही ऊन होऊ दे.

यंदा उठली की वारा कुठला होता ते वहिनीला सांगा, ती लिहील.

(वहिनी, कंसातलं मनात वाच. बाबांच्या डोळ्यांचं डॉक्टर काय म्हणाले ते स्पष्ट लिही, दादासारखं "बघू, करू" नको. आणि तू विचारतेस, एकदा येऊन का जात नाही. आलो होतो. गेल्या साली. तू बाजारात गेली होतीस. बाबा ओट्यावर बसले होते. मी समोर उभा राहिलो, पिशवी हातात, तर माझ्याकडे बघून म्हणाले, "कोण पाहिजे?" आपल्याच पोराला. इतका राग. मीही त्यांचाच, एक शब्द न बोलता तसाच स्टँडवर गेलो. हे दादाला सांगू नकोस, आणि बाबांना तर नाहीच.)

तुमचा,
भिंगरी


२१ मार्च

बाबा,

आली.

काल सकाळी फळी काढायला गेलो तर पाणी काळं दिसलं. म्हटलं, लव्हाळी कुजून वर आली की काय. जवळ गेलो तर सगळ्या सुईशेपट्या. मॅडमच्या पुस्तकात त्यांना तलवार बदक म्हणतात. मी त्यांना आपलं नाव सांगितलं, लांब टोकदार शेपूट म्हणून आमचे बाबा सुईशेपटी म्हणतात, तर त्यांना आवडलं. आता त्याही म्हणतात. तुमचं नाव एवढ्या लांब चालतंय, बघा.

आवाज म्हणून नाही. थंडीच्या तोंडाला आपल्याकडे उतरतात तेव्हा असतात ना, तशी दमलेली. चोच पाठीत खुपसून झोपलेली. वारा आला की झोपेतच सरकतात आणि पुन्हा जागेवर येतात. एक माणूस केवढा तरी कॅमेरा गळ्यात घालून आला होता. इथं एक फळ्यांची खोली आहे, भिंतीला आडव्या फटी, त्यातून लपून बघायचं. तर तो माणूस फटीतून बघून म्हणतो, "झोपलीच आहेत की सगळी." ट्रॅक्टरवाला म्हणाला, "तुम्ही उडत आला असतात तर तुम्हांलाही अंथरूण घातलं असतं."

मी मात्र उभाच राहिलो. तुम्हांला खरं सांगतो, घरी असताना मी पाखरांकडे कधी धड बघितलं नाही. मला घोंगडी सोडून कधी पळतो असं व्हायचं. पण काल वाटलं, ही तुमच्या समोरून उठलेली आहेत. तुम्ही ज्यांच्याकडे बघत होतात ती आता माझ्यासमोर आहेत. म्हणजे आपण बोललो नाही तरी...

जाऊ दे. ते लिहिता येत नाही मला.

तिकडून कधी उठली? यंदा हाक मोठी दिलीत का? न्हाव्याची खुर्ची बाहेर आली का?

(वहिनी, तुझं पत्र मिळालं. मोतीबिंदू पार पिकलाय, आणखी थांबलात तर काचबिंदू होईल आणि मग ऑपरेशन करूनही दिसणार नाही, असं डॉक्टर म्हणाले ना? मग कशाची वाट बघताय? बाबांनी "पाखरं उठल्याशिवाय मी तळं सोडून दवाखान्यात झोपणार नाही" म्हटलं म्हणतेस. उठली ती. इथं पोचली. आता त्यांच्याकडे सबब उरली नाही. दादाला सुट्टी काढायला सांग आणि घेऊन जा.)

तुमचा,
भिंगरी


२ एप्रिल

वहिनी,

हे पत्र एकट्या तुला. सगळंच कंसात आहे असं समज.

तू लिहितेस, बाबा म्हणतात पाखरं अजून आहेत. रोज उजाडताना धक्क्यावर जाऊन बसतात, परत येऊन सांगतात, "आहेत अजून. आज नाही." आणि दादा म्हणतो, म्हातारा डॉक्टरला घाबरून थापा मारतोय, पाखरांच्या नावावर दिवस ढकलतोय. तूही लिहिलंस, "भाऊजी, तुमच्या बाबांना लहान पोरासारखं उचलून न्यावं लागणार बहुतेक."

मलाही आधी तसंच वाटलं. हसलो मी. मग मॅडमना विचारलं, सुईशेपट्या एप्रिलमध्ये तिकडे असतात का. त्या म्हणाल्या, "एखादी जखमी असेल तर असेल. थवा नाही राहणार, तिकडे उन्हं केव्हाच तापली." म्हटलं, बरोबर, म्हणजे थापच.

पण वहिनी, बाबा थापा मारत नाहीत ग. दादा मारतो, मी मारतो. बाबा गप्प बसतील, तोंड फिरवतील, पण पाखरांविषयी खोटं बोलणार नाहीत.

म्हणून तुझं पत्र परत पहिल्यापासून वाचलं. त्यात खाली तू असंच जाता जाता लिहिलंयस की माळा साफ केला, जुनं फुटकंतुटकं काढून टाकलं, आणि "ती आजोबांची लाकडी बदकं होती ना पोत्यात, ती जाळेमामा घेऊन गेले, जाळ्याला तरंगायला बांधतो म्हणाले."

मी तिथंच थांबलो.

तुला ती बदकं माहीत नसतील, तू लग्न होऊन आलीस तोवर ती पोत्यात गेली होती. आजोबा कोरायचे, शिकाऱ्यांसाठी. पाण्यावर सोडून द्यायची. वरून जाणाऱ्या पाखरांना वाटायचं, खाली आपलीच माणसं बसलीत, मग ती उतरायची. वर डांबर फासलेलं, काळी कुळकुळीत. जाळेमामानं ती जाळ्याला बांधून नेमकी धक्क्यासमोर सोडली असणार, मासे तिथंच मिळतात त्याला. वाऱ्यावर हलत असतील. बाबा रोज सकाळी तिथं बसतात, त्यांना पाण्यावर काळे ठिपके दिसतात, आणि ते घरी येऊन सांगतात, आहेत अजून.

ते टाळत नाहीयेत वहिनी. त्यांना दिसतच नाहीये. पाखरं यंदा रात्रीच कधीतरी, ते घरी असताना निघून गेली आणि त्यांना कळलं नाही.

तू म्हणशील, आम्हांलाही कसं कळलं नाही. तुम्ही कधी बघणार? दादा अंधारात निघतो, तू शिवणाच्या मशीनवर पाठ वाकवून. तळ्याकडे बघायचं काम आपल्या घरात त्यांचं एकट्याचं. आणि गल्ली तर हाकेची वाट बघत बसलेली. बाबांनी हाक दिली नाही म्हणजे पाखरं आहेत, एवढंच सगळ्यांना ठाऊक.

हे त्यांना कोण सांगणार? मी नाही सांगू शकत. उभ्या आयुष्यात त्यांची पाखरं चुकली नाहीत.

मला एक सुचलंय. जाळेमामाला गाठ. एका सकाळी बाबा धक्क्यावर बसले असतील तेव्हा त्यानं गुपचूप होडी घालून जाळं ओढून घ्यायचं. लांबून, न बोलता, खोकलासुद्धा नाही. ठिपके गेले की बाबांना वाटेल उठली. हाक देतील. न्हावी खुर्ची काढेल. आणि दुसऱ्या दिवशी तुम्ही त्यांना डॉक्टरकडे न्या. कुणाचं काही बिघडत नाही.

दादाला सांगू नकोस, त्याला हसू आवरणार नाही.

भिंगरी


१५ एप्रिल

वहिनी,

तुझं पत्र वाचलं. दुपारी जेवलो नाही. त्यानं काय होतंय म्हणा, तिकडे बाबाही जेवत नाहीत.

मी इथं बसून सगळं बघू शकतो. जाळेमामा वाकून वाकून जाळं ओढतोय, ठिपके एकेक करून जातायत, बाबा उठून उभे राहतात. तू दारात हाकेची वाट बघतेस. आणि बाबा विचारतात, "पाखरं वल्हं कधीपासून मारायला लागली?"

डोळे गेले, कान थोडेच गेलेत. मला एवढं कळायला नको होतं? पाखरं उठतात तेव्हा काय आवाज होतो ते विसरून मी गुपचूप उठवायला निघालो.

जाळेमामानं "अहो, ते मासे, मी आपलं..." करत बसायला नको होतं. तू सरळ सांगितलंस ते बरं केलंस. पण बाबांनी ते लाकडी बदक हातात घेऊन चाचपलं, आणि म्हणाले, "माझ्या बापानं कोरलंय. ह्याला पाखरं फसायची," हे तू लिहिलंस तिथून पुढे मला वाचवेना. भिंतीकडे तोंड करून पडलेत म्हणतेस. ना जेवण, ना बोलणं, डॉक्टरचं नाव काढलं तर "आता बघायचं काय राहिलंय?"

सोबतचं पत्र त्यांना वाच. ह्यात कंस नाही. सगळं मोठ्यानं वाच. ते भिंतीकडे तोंड करून असले तरी वाच.


बाबा,

जाळं ओढायचा बेत माझा. वहिनीचा नाही, मामाचाही नाही. शिव्या द्यायच्या तर मला द्या, इथवर ऐकू येतील.

तुम्हांला एक गोष्ट माहीत नाही. गेल्या साली मी घरी आलो होतो. दुपार होती. वहिनी बाजारात, दादा कामावर, तुम्ही ओट्यावर. मी अंगणात उभा राहिलो. चार पावलं असतील फार तर. तुम्ही मान वर केलीत, माझ्याकडे बघितलंत आणि विचारलंत, "कोण पाहिजे?"

मला वाटलं टोमणा मारलात. मला वाटलं, बाबा सांगतायत की ह्या घरात तू कुणी नाहीस. मी पुढे बोललोच नाही. तुम्ही परत एकदा "कोण आहे?" म्हणालात, तेव्हा मी फाटकाबाहेर होतो. ते ऐकलं मी. तरी वळलो नाही.

तुम्हांला कुणी पत्ता चुकलेला वाटला असेल. तुम्ही विसरूनही गेला असाल. मी वर्षभर ते वाक्य घेऊन फिरलो, लव्हाळी कापताना, फळ्या काढताना. इतका राग धरला तुमच्यावर की हे काम सोडून दुसरीकडे जायचंही विसरलो. आणि आत्ता ह्या लाकडी बदकांमुळे मला कळलं की तुम्ही खरंच विचारत होतात. तुम्हांला मी दिसलोच नव्हतो.

बाबा, पाखरं यंदा चुकली तर पुढच्या साली परत येतील, तीच वाट, तोच धक्का. मी काही येतोच असं नाही. माझं तुम्हांला माहीत आहे. मी कुठे जाईन सांगता येत नाही. पण पुढच्या वेळी अंगणात उभा राहिलो तर "कोण पाहिजे" म्हणू नका. मला ते परत ऐकायचं नाही, खरंखुरं असलं तरी.

ऑपरेशन करा असं मी म्हणणार नाही. ते तुम्हांला सगळेच सांगतायत. मी एवढंच सांगतो की पाखरं संपलेली नाहीत. तुमच्याकडून गेली, माझ्याकडून अजून गेलेली नाहीत. इथून पुढे निघायची बाकी आहेत. इथंही कुणीतरी बोट ओलं करून हवेत धरायला पाहिजे. मी धरून बघितलं. मला फक्त गार लागतं, वारा कुठला ते कळत नाही. ट्रॅक्टरवाल्यानं बघितलं आणि विचारलं, "नव्या, भाजलं का काय?"

कसे आहात? विचारलं. जा, काय करायचं ते करा.

भिंगरी


२७ एप्रिल

बाबा,

दादाचा ऑफिसात फोन आला. म्हणाला, वहिनीनं पत्र वाचलं तर तुम्ही म्हणालात "परत वाच." परत वाचलं. आणि दुसऱ्या दिवशी दादा-वहिनी उठले तर तुम्ही धुतलेला सदरा घालून पायरीवर बसलेले, "चला, कुठे जायचंय ते," असं म्हणून. दादा म्हणाला, ऑपरेशन टेबलावर तुम्ही डॉक्टरला विचारलंत, "तुम्ही पूर्वी हे केलेलं आहे ना?" डॉक्टर हसला म्हणे. एका डोळ्याचं झालं, दुसऱ्याचं मागाहून. काळा चष्मा, थेंब, डोक्यावरून पाणी नाही. वहिनी म्हणेल तसं करा.

दादा म्हणाला, तुम्ही इथं यायचं म्हणताय. तपासणी झाल्याशिवाय डॉक्टर प्रवास करू देणार नाही, तेव्हा घाई करू नका. पण खोटं कशाला बोलू, इथं पाखरं आता ताठ झालीत. खाऊन फुगलीत. दिवसभर एकमेकांना ढोसतात, उगीचच थोडी वर उठतात, एक फेरी मारून परत बसतात. तुम्हांला माहीत आहे ह्याचा अर्थ काय.

मी ट्रॅक्टरवाल्याला विचारलं, शेवटची फळी काढलीच नाही, खाणं तसंच ठेवलं, तर थांबतील का थोडी? तो म्हणाला, "पाहुण्याला ताट वाढून ठेवलं म्हणून त्याची गाडी थांबते काय?" तरी मी फळी काढलेली नाही. मॅडमनी बघितलं आणि चालू दिलं. त्यांनी मला कायमचं राहायला विचारलंय. मी "बघू" म्हटलंय. दादाकडूनच शिकलो.

वाट बघतोय. मी. पाखरांचं सांगता येत नाही.

भिंगरी


९ मे

वहिनी,

पोचले. चष्मा जागेवर आहे, थेंब घालतोय, दोन्ही वेळा, डोकं भिजू दिलेलं नाही. तू बांधून दिलेलं सगळं त्यांनी बसमध्ये शेजारच्या बाईला खायला घातलं आणि तिच्या नवऱ्याच्या मोतीबिंदूवर सल्लाही दिला. दादाला सांग, बस बदलताना चुकतील म्हणून तू उगाच घाबरलास. त्यांनीच कंडक्टरला पाटी वाचून दाखवली. नाव वाचता येत नाही, पण आकडा येतो ना. "सगळ्या पाट्या दिसत होत्या," म्हणाले. वाटेतल्या एकूण एक.

स्टँडवर मी खांबापाशी उभा होतो. ते उतरले, चष्मा काढला, पुसला, परत घातला. माणसांकडे एकेक करून बघत बघत आले. माझ्या पुढ्यात थांबले. माझा जीव टांगणीला. म्हणाले, "मिशी कधी ठेवलीस?"

"तीन वर्षं झाली, बाबा."

"बरी दिसत नाही."

मग पिशवी माझ्या हातात दिली आणि पुढे चालायला लागले, वाट माहीत असल्यासारखे. थोडं गेल्यावर, मागे न बघता म्हणाले, "तोंड तुझ्या आईसारखं झालंय." एवढंच. मी पिशवी ह्या हातातून त्या हातात घेत राहिलो.

आता खरं ते सांगायला हवं. पाखरं परवाच गेली. बाबा बसमध्ये बसले त्या सकाळी. मी बांधावर होतो. तू म्हणशील, तेव्हाच दादाच्या फोनवर का नाही कळवलंस. ते निघाले होते ग. धुतलेला सदरा घालून निघालेल्या माणसाला काय कळवायचं?

रात्रभर मला झोप नाही, ते मात्र घोरत होते. सकाळी मी म्हटलं, "बाबा, एक सांगायचंय." ते म्हणाले, "आधी पाणी दाखव."

फटींच्या खोलीत नेलं तर आत येईनात. "चोरून काय बघायचं?" तसेच बांधावर गेले. मागे ट्रॅक्टरवाला काहीतरी ठोकत होता. मी एकदाचं बोलून टाकलं, "परवा गेली बाबा. एकही राहिलं नाही. मी फळी काढली नव्हती, तरी गेली."

ते पाण्याकडे बघत राहिले. मला वाटलं, झालं, आता भिंतीकडे तोंड. इथं भिंतही नाही.

मग त्यांनी हात वर केला. "ते तिकडे काळं काय? खुंट ना?"

"हो, खुंट."

"आणि त्याच्या पलीकडे?"

"तोही खुंटच. जुन्या कुंपणाचा."

"ते पीस आहे. वाऱ्यानं फिरतंय, बघ."

मला पीस दिसलंच नव्हतं. बघायला खाली वाकावं लागलं.

ते पुढे गेले, पार पाण्याच्या कडेला. डाव्या काठापासून उजव्या काठापर्यंत सगळं सावकाश बघितलं, लव्हाळी, चिखलात उमटलेले पाय, मधलं उघडं पाणी. परत उजवीकडून डावीकडे. चष्मा काढून एकदा, घालून एकदा. मी मागे उभा, काय म्हणतील त्याची वाट बघत, लहानपणी घोंगडीत बघायचो तशी.

"रिकामं आहे," ते म्हणाले. आणि वळले तेव्हा हसत होते वहिनी, आपल्या घरात त्यांना तसं हसताना कुणी बघितलं असेल तर आईनं. "रिकामं आहे रे! सगळं रिकामं आहे!" इतक्या आनंदानं की ट्रॅक्टरवाला हातोडी टाकून धावत बांधावर आला, काय सापडलं म्हणून.